तीन पायऱ्यांचा ओटा

“बसून दावा,” एवढं बोलून मिस्त्री पाठ फिरवून उभे राहायचे. बाई पदर सावरून जमिनीवर नीट बसली असा अंदाज आला की मगच वळायचे. हातात वेताची लांब काठी, काठीच्या टोकाला सुतळीनं बांधलेला कोळसा. चार हात लांबून सांगायचे, “आता उजवा हात म्होरं करा. तानू नगा. मिठाला करता तेवढाच.” हात जिथं पोचेल तिथं जमिनीवर रेघ. मग डावा हात. मग फुंकणी धरून वाकायचं, तिथंही रेघ. तीन रेघा झाल्या की म्हणायचे, “उठा आता. झाली तुमची चूल.” चूल अजून मातीच्या ढिगात असायची, पण त्यांच्या लेखी ती झालेली असे.

राहात्यातल्या निम्म्या बायका कधी ना कधी या रेघांमध्ये बसल्या होत्या. माझी शेजारीण म्हणायची, “अगं, बघायला आले तेव्हा आमच्या मंडळींनीसुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतं मला.”

मी राहात्याला आले ती लढाईच्या दिवसांत. आमचे हे कालव्यावर इन्स्पेक्टर होते. सरकारी घरातली चूल दिवसभर धूर ओकायची. आठव्या दिवशी माझे डोळे पाहून ह्यांनी मिस्त्रींना बोलावलं. बावीस वर्षांची मी, परक्या पुरुषासमोर जमिनीवर बसून हात लांब करायचा म्हणजे लाजेनं अर्धमेली झाले. मिस्त्रींनी मात्र माझ्याकडे विहिरीची खोली मोजावी तसं पाहिलं. नवी चूल झाली आणि धूर गुमान धुराड्यातून जायला लागला. त्या दिवसापासून मी त्यांची भक्त झाले. हे त्यांना कळलं, आणि मग त्यांनी माझ्याकडून पुष्कळ कामं करून घेतली.

दिसायला उंच, हडकुळे. पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, चुन्यानं कडक झालेली विजार. ओळंब्याकडे बघून बघून एक डोळा कायमचा बारीक झाला होता. त्यामुळे समोरच्याला वाटे, हा माणूस आपल्यातला वाकडेपणा शोधतोय. बऱ्याचदा तो शोधतच असे. त्यांना नाव होतं, पण गावात ते कुणी घेत नसे. हिंदू, मुसलमान, सगळ्यांचे ते मिस्त्री. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी कामातच इतकी मुरतात की नावाची गरज उरत नाही.

आता बंगल्याची गोष्ट सांगते, कारण मिस्त्री मला खरे कळले ते तिथं.

माझी मावसबहीण मालूताई मुंबईला डॉक्टरांना दिलेली. मुंबईवर बॉम्ब पडणार अशा वावड्या उठल्या, तेव्हा ऐपत होती ती माणसं देशावर दुसरं घर पाहायला लागली. डॉक्टरांनी राहात्याच्या शिवारात मोसंबीची बाग घेतली आणि बागेत बंगला बांधायला काढला. परगावचा एक कंत्राटदार होता. बंगला झाला, व्हरांडा झाला, रंगसुद्धा झाला, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन सिमेंट संपलं. परमिट मिळेना. कंत्राटदार जो गेला तो गेला. मालूताईचं मला पत्र आलं, तू तिथंच आहेस, तेवढं स्वयंपाकघर उभं करून दे, मे महिन्यात आम्ही येतोय.

पत्राबरोबर एक आकृती होती आणि विलायती मासिकातून कापलेलं एक चित्र. चित्रात पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, छत्तीस इंच उंच ओटा आणि त्याच्यापुढे उंच टाचांचे बूट घालून उभी असलेली एक मड्डम, हसणारी. मालूताईला तसाच उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा हवा होता. मुंबईच्या घरी तिनं तो करून घेतलाच होता. शिवाय भिंतींना रंगीत फरशा, वेलबुट्टीच्या.

मिस्त्रींनी चित्र आधी उलटं धरलं. मी सरळ करून दिलं. पुष्कळ वेळ पाहून म्हणाले, “ही बाई काय रांधतीया?”

मी पाहिलं. चुलीवर काहीच नव्हतं.

“भांडंच न्हाई चुलीवं,” मिस्त्री म्हणाले. “मंग हसाया काय जातंय.”

आकृतीवरची मापं मी वाचून दाखवली. त्यावर त्यांचं ते नेहमीचं वाक्य आलं, “कागूद जेवत न्हाई, बाई.” हे वाक्य त्यांनी मामलेदार कचेरीच्या ओव्हरसियरलाही ऐकवलं होतं म्हणतात. मग विचारलं, तिथं रांधणार कोण. मी म्हटलं, मालूताई. किती दिवस? मे महिना आणि दिवाळी. आणि बाकीचं वर्षभर, शिवाय पाहुणे आले की? तेव्हा भागूबाई.

भागूबाई म्हणजे बागेच्या माळ्याची विधवा बहीण. बंगल्याची राखण, झाडलोट आणि स्वयंपाक तिच्याकडेच राहणार होता. मिस्त्रींनी तिला बोलावणं धाडलं. मालूताई आमच्या घराण्यात सगळ्यांत उंच, लग्न जमायला त्यापायीच उशीर झालेला. भागूबाई तिच्या खांद्याला लागेल न लागेल अशी. मिस्त्रींनी भिंतीवर छत्तीस इंचांवर रेघ मारली आणि तिला पुढं उभं केलं. रेघ तिच्या छातीच्या जरा खाली आली.

“थाप भाकर,” ते म्हणाले.

भागूबाईनं हवेतच परात धरली आणि भाकरी थापून दाखवली. कोपरं खांद्यापर्यंत जायला लागली. ती ओशाळून म्हणाली, “थापीन की. सवय व्हईल.” मिस्त्रींनी रेघ पुसून टाकली.

जाताना त्यांनी आणखी एक विचारलं, त्या घरात म्हातारं माणूस आहे का. मी सांगितलं, डॉक्टरांच्या आई आहेत, माई. पण त्या आता स्वयंपाकघरात जात नाहीत. सहा वर्षांपूर्वी मुंबईला नवा ओटा झाल्यापासून गॅलरीत बसून असतात, गुडघे धरलेत.

“जात न्हाईत, का जाता येत न्हाई?” मिस्त्रींनी विचारलं.

इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी “जात नाहीत” असंच म्हटलं होतं.

त्यानंतर दोन महिने मी जे केलं त्याला मधली भाषा म्हणतात. मालूताईचं पत्र यायचं की गवंड्याला सांग, आकृतीच्या बाहेर एक इंचही जायचं नाही. मी मिस्त्रींना सांगायची, ताई तुमच्या कामाची फार चौकशी करत होत्या. मिस्त्री म्हणायचे, त्यास्नी म्हणावं आधी भाकरी थापाया शिका. मी लिहायची, मिस्त्री म्हणतात चुना मुरायला वेळ लागतो. दोघंही एकमेकांवर खूश होते. भीती मला एकटीलाच होती.

सिमेंट नव्हतं म्हणून चुना आला. बागेतच चुना मळायची घाणी लावली, बैल फिरायला लागला. रंगीत फरशांसाठी मुंबईच्या दुकानदारानं हात जोडले, माल बाहेरून येतो आणि लढाईनं बोटी बंद. हे ऐकून मिस्त्रींचा चेहरा फुलला. ते म्हणाले, भिंतीचं माझ्यावर सोडा. दुसऱ्या दिवशी ते खांद्याला झोळी लावून गावात फुटक्या कपबशा मागत फिरताना दिसले.

राहात्यात इतकं हसू कधी झालं नसेल. नाक्यावरचा हॉटेलवाला फुटके कप आधी उकिरड्यावर टाकायचा, आता डब्यात साठवायला लागला. कुणाच्या हातून बशी पडली तर घरात रडारड व्हायच्या ऐवजी “जा, मिस्त्रींना देऊन ये” असं व्हायचं. कासाराकडून हिरव्या बांगड्यांचे तुकडे आले, भिंतीत जडवायच्या वेलीची ती पानं होणार होती. पांढऱ्या कपांची फुलं. अडलं ते पिवळ्यापाशी. मोसंबीच्या बागेतलं स्वयंपाकघर, वेलीला निदान एक तरी फळ पाहिजे, आणि गावात पिवळा कप नव्हता. महिनाभर ते पिवळ्याच्या शोधात होते. माणसांशी बोलताना नजर त्यांच्या फडताळाकडे. आमच्या घरी आले की ह्यांच्या हातातली बशी लांबूनच निरखायचे आणि निरागसपणे विचारायचे, “हिला तडा गेल्यासारका वाटतोय न्हाई?” हे हसून म्हणायचे, मिस्त्री आले की आधी भांडी आत ठेव. शेवटी पिवळा रंग मिळाला तो लोणच्याच्या फुटक्या बरणीतून.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. ती सांगताना मला अजून जड जातं.

मिस्त्रींसाठी आमच्या घरी एक कप वेगळा होता. निळ्या फुलाचा. बाहेर ओसरीच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला. आले की मी न शिवता वरून चहा ओतायची, ते पिऊन स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचे. मिस्त्री मुसलमान, आणि तेव्हा तसाच रिवाज होता. तो रिवाज मी माहेराहून आणला होता आणि त्याविषयी कधी विचार केला नव्हता. जो माणूस माझ्या हाताच्या मापाची चूल बांधून गेला, त्याचा कप माझ्या घरात त्या चुलीपर्यंत जाऊ शकत नव्हता.

एका सकाळी मिस्त्री ओसरीवर आले. झोळी खाली ठेवली. हातात निळ्या फुलाचा कप, कान तुटलेला आणि मधोमध तडा.

“बाई, माझा कप फुटला,” ते म्हणाले. “आता तुमच्यातला द्यावा लागंल. नसंल तर चालंल, चहा काय रोजचाच हाय.”

चेहऱ्यावर काही नव्हतं. तो बारीक डोळा तेवढा माझ्याकडे लागलेला. कप हातून पडला की त्यांनी फोडला, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि पुढेही नाही. आत गेले. चहा होईपर्यंत चुलीपुढे बसून राहिले. मग फडताळातला आमचा कप घेतला, त्यात चहा ओतला आणि बशीसकट त्यांच्या हातात दिला. वरून ओतला नाही.

ते चहा प्यायले. कप विसळायला उठले तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, मी घेते. त्यांनी कप माझ्या हातात दिला. हे दारात उभे होते. ह्यांनी सगळं पाहिलं, आणि कामावर निघून गेले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले तेव्हा ह्यांनीच आतून हाक दिली, दोन कप आण. निळं फूल नंतर मला बंगल्याच्या भिंतीत दिसलं, वेलीच्या अगदी वरच्या टोकाला.

ओटा मात्र मिस्त्रींनी मला दाखवला नाही. दाराला गोणपाट लावलेलं. विचारलं की म्हणायचे, वलं हाय, वारं लागंल. वैशाख लागला, मंडळी यायला चार दिवस उरले, तेव्हा त्यांनी गोणपाट काढलं. मी आत गेले. ओटा होता, पण तीन पायऱ्यांचा. खिडकीशी छत्तीस इंच, मालूताईच्या आकृतीबरहुकूम. मधला भाग भागूबाईच्या कमरेला येईल असा. आणि भिंतीच्या कडेला तिसरा, बुटका. त्याच्याजवळ बाकासारखी बैठक, पाय खाली सोडता येतील अशी, पाठ टेकायला भिंत. तिन्हींवरून वेल उतरत आली होती. देखणं होतं, पण ते मालूताईला कोण सांगणार? त्या दिवशी मी तिला लिहिलं, ओटा तुझ्या मापाचा झाला आहे. एक तृतीयांश खरं होतं ते.

मालूताई टांग्यातून उतरली ती थेट स्वयंपाकघरात गेली. मग ती म्हणाली, “हा काय नदीचा घाट आहे? इथं धुणं धुवायचं का?”

तिनं मिस्त्रींना बोलावलं. आवाज चढवला नाही. एवढंच सांगितलं, की हे मी सांगितलेलं नाही, हे पाडा. मी खाली मान घालून उभी होते, कारण माझी सगळी मधली भाषा आता उघडी पडत होती. मिस्त्री म्हणाले, “पाडतो. पन आठ दिस रांधून बगा. नवव्या दिवशी माज्या हातानं पाडीन, आन् कागदापरमानं बांधीन.”

डॉक्टरांनी हसून मान डोलावली म्हणून ते आठ दिवस मिळाले.

दुसऱ्या सकाळपासून मिस्त्री खांद्यावर कुदळ टाकून यायचे, मागच्या दारी चिंचेखाली बसायचे आणि मालूताई दिसली की अदबीनं विचारायचे, “पाडू का?” पहिल्या दिवशी ती म्हणाली, आज पाहुणे आहेत. दुसऱ्या दिवशी सांडगे घातले होते. तिसऱ्या दिवशी तिनं उत्तर न देता आतूनच चहा पाठवला. भागूबाई मधल्या ओट्यावर धपाधप भाकऱ्या थापत होती आणि चाळीस भाकऱ्यांनंतरही पाठ धरून बसत नव्हती. ते मालूताईला दिसत होतं, पण मान्य करायचं नव्हतं. शेवटी ती माझी बहीण.

पाचव्या दिवशी सगळी मंडळी बागेत गेली होती. भागूबाई पीठ भिजवत होती, मी कांदा चिरत होते. भिंत धरत धरत माई आल्या. दारात थांबल्या. तो बुटका ओटा पाहिला, बैठक पाहिली. हळूच टेकल्या, पाय खाली सोडले, पाठ भिंतीला लावली. मग हात पुढे केला. हात ओट्याच्या पार कडेपर्यंत पोचला. त्यांनी तसाच परत घेतला आणि परत पुढे केला, दोनतीनदा.

“ती परात इकडं दे,” त्या भागूबाईला म्हणाल्या.

मंडळी परत आली तेव्हा अंगणापर्यंत थालीपिठाचा वास गेला होता. मालूताई दारात उभी राहिली. माईंचे हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. कोथिंबीर जाड चिरली म्हणून त्या मला बोलत होत्या, तवा नीट तापवत नाही म्हणून भागूबाईला. आवाज चांगला खणखणीत होता. सहा वर्षांत त्या घरात कुणी तो ऐकला नव्हता. डॉक्टर पानावर बसले, पहिला घास घेतला आणि थांबले. “हे आईच्या हातचं आहे,” म्हणाले, आणि पुन्हा पुन्हा वाढायला सांगत राहिले.

मालूताई त्या दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. तिनं विचारलं, मी त्यांना कधी स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं का गं? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, काढलं नाही, पण ओटा बांधताना त्यांची आठवणही झाली नाही मला. मी तिचा हात हातात घेऊन बसले.

दुसऱ्या सकाळी मिस्त्रींनी विचारलं, पाडू का. मालूताई म्हणाली, “आज नको. माई बसल्यात तिथं.”

नवव्या दिवशी ते कुदळ न घेताच आले. मालूताई त्यांना आत घेऊन गेली आणि खिडकीशी असलेल्या तिच्या उंच ओट्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जागच्या जागी थांबलं. उतार दिला नव्हता. मिस्त्रींनी वाकून पाहिलं, बारीक डोळा आणखी बारीक केला. कान लाल झाले. म्हणाले, “ही चूक माजी.” हे शब्द राहात्यात त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. मालूताई इतकी खूश झाली की तिनं त्यांना जेवायलाच थांबवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उतार काढून दिला, आणि ती प्रत्येक पाहुण्याला सांगायची, चूक मी काढली.

पुढच्या वर्षी लढाई संपली. जामखेडकडे दिलेल्या मिस्त्रींच्या लेकीनं घर बांधायला काढलं आणि बापाला बोलावून घेतलं. एवढ्या लांब ते कधी कामाला गेले नव्हते. सकाळच्या मोटारीनं निघणार होते, म्हणून आम्ही आठदहा जण नाक्यावर पोचवायला गेलो. भागूबाईनं भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. आम्ही काय काय बोलायचं ठरवून गेलो होतो. पण मिस्त्री हॉटेलवाल्याशी वाद घालत होते. त्यानं कुणाकडून तरी नवी भिंत घालून घेतली होती आणि ती पूर्वेला झुकते असं मिस्त्रींचं म्हणणं. हॉटेलवाला म्हणत होता, मला तर सरळ दिसते. मोटार भोंगा वाजवत होती. ह्यांनी मिस्त्रींना धरून वर चढवलं. मी भाकऱ्या खिडकीतून दिल्या, त्यांनी न बघताच घेतल्या. मोटार निघाली. आम्ही हात वर केले. मिस्त्री खिडकीतून डोकं बाहेर काढून, एक डोळा बारीक करून, वळणापर्यंत त्या भिंतीकडेच बघत गेले.

श्रावणात भिंत पडली. पूर्वेलाच. हॉटेलवाला दिलदार माणूस, ज्याला त्याला सांगायचा, म्हातारा जिंकला, आता येऊ दे, त्याच्याकडूनच घालून घेतो. दगड त्यानं निवडून एका बाजूला रचून ठेवले. भाद्रपदात जामखेडहून पत्र आलं, लेकीनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. चार दिवसांच्या तापात मिस्त्री गेले. तिच्या घराच्या भिंती वरपर्यंत झाल्या होत्या, छप्पर राहिलं होतं.

हॉटेलवाल्यानं पुढं बरेच दिवस ते दगड हलवले नाहीत. ऊन आलं, पुन्हा पावसाळा आला, ढिगावर गवत उगवलं. गिऱ्हाइकं त्यावर बसून चहा प्यायची. भिंत कधी घालणार, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, बघू, मानूस मिळाया पायजे.